मोठ्याने वाचता येतील अशी नावं

आमची कंपनी औषधांचा घाऊक व्यापार करायची. ग्वाल्हेर, मुरार, भिंड, दतिया इथल्या दुकानांना आमचा माल जायचा. गोदाम शहराबाहेर होतं आणि ऑफिस पाटणकर बाजारात, एका कापड दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. मी तिथली एकुलती एक प्रोग्रामर. बिलं, साठा, मागवलेला माल, परत आलेला माल, हे सगळं ज्या प्रोग्रामवर चालायचं तो माझ्या आधीच्या दोघांनी लिहायला घेतला होता आणि मी तो वाढवत नेला होता.

त्या वेळी आम्ही जो डेटाबेस वापरायचो त्यात फील्डचं नाव दहा अक्षरांपेक्षा मोठं ठेवता येत नसे. फील्ड म्हणजे एक रकाना. एकात गिऱ्हाइकाचं नाव, एकात औषधाचं, एकात तारीख, आणि प्रत्येक रकान्याला कॉम्प्युटर ओळखेल असं एक नाव हवं. दहा अक्षरांत बसवायचं म्हणून आम्ही शब्दांतले स्वर गाळून टाकायचो आणि उरलेली रोमन अक्षरं एकमेकांना चिकटवायचो. माझ्या आधीच्या पहिल्या माणसाला इंग्रजीचा कंटाळा होता, त्यामुळे त्याच्या काळातली नावं हिंदी. दुसऱ्याला तोही त्रास नको होता. त्याने तीन तारखांना तारीख एक, तारीख दोन, तारीख तीन अशी नावं ठेवली आणि तो नोएडाला निघून गेला. कोणती तारीख कशाची, ते मला पाठ होतं. इतकं पाठ होतं की त्या नावांत काही विचित्र आहे हे माझ्या लक्षातही येत नसे.

मग बातमी आली की इंदूरची एक मोठी कंपनी आम्हाला विकत घेते आहे. मालक राहतील, पण भागीदार म्हणून. ऑफिस काही दिवस राहील, मग बघू. गोदाम राहील. माणसांचं काय, ते कुणी स्पष्ट सांगत नव्हतं. डब्याच्या वेळी सगळे हळू आवाजात बोलू लागले. इंदूरहून त्यांच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख आले. ते मराठीच होते, आणि आमच्याकडच्यासारखंच वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवायचे.

"मॅडम, तुमची सगळी फील्ड्स आमच्या सिस्टीममध्ये घ्यायची आहेत," ते म्हणाले. "जी नावावरून जुळतील ती आम्ही जुळवून टाकू. बाकीची कशाची आहेत, ते तुम्ही लिहून द्या. उन्हाळा संपायच्या आत हो जाएगा."

मी हो म्हटलं. काम माझ्याच हातचं होतं. उलट मला बरं वाटलं, कारण ही यादी माझ्याशिवाय दुसरं कुणी करू शकत नव्हतं आणि ती होईपर्यंत तरी माझी नोकरी पक्की होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या उजव्या डोळ्यासमोर एका कोपऱ्यातून काळा पडदा चढू लागला. आधी वाटलं, चष्म्याची काच खराब झाली असेल. काच पुसली, पडदा तिथेच. हरिशंकरपुरममधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, "आजच दिल्लीला निघा." डोळ्याच्या आतला मागचा पडदा सुटला होता. दिल्लीत ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. हा बुडबुडा वर तरंगतो आणि सुटलेला पडदा जागेवर दाबून धरतो. पण पडदा असतो मागे, त्यामुळे बुडबुडा त्याच्यावर टेकायचा तर माणसाने तोंड सतत खाली ठेवायचं. बसताना खाली, जेवताना खाली, झोपायचं तेही पालथं. आणि हे काही आठवडे. वाचायचं अजिबात नाही. डावा डोळा माझा आधीपासूनच अधू, शिवाय एका डोळ्याने वाचलं तरी दुसरा सोबत हलतोच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आम्ही तेव्हा थाटीपुरला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. क्वार्टर यांच्या नोकरीचं. हे सकाळी कामावर जायचे ते संध्याकाळी परत, आणि दिवसभर घरात मी आणि सासूबाई. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. सासूबाई टेलिफोन एक्सचेंजमध्ये बाहेरगावचे कॉल जोडणाऱ्या ट्रंक ऑपरेटर होत्या. तिथेच सगळी नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांना मी आईच म्हणते.

आईंनी माळ्यावरची नवारीची खाट खाली काढवली. उशाकडच्या दोन पट्ट्या सैल करून माझा चेहरा मावेल एवढी फट केली आणि तिच्या कडांना जुन्या मऊ पातळाच्या घड्या शिवून टाकल्या. मी खाटेवर पालथी पडायची, चेहरा फटीत. खाली फरशी, तीही धुरकट. चहा खालून नळीने प्यायचा. बाहेर उन्हाची तप्त लू वाहत असायची, खिडकीत कूलर घरघरत असायचा आणि मी फरशीकडे तोंड करून आपलं काय होणार याचा विचार करत असायची.

एक दिवस मालकांचा फोन आला. माणूस चांगला. "तुम आराम करो, बेटा," म्हणाले, आणि त्याच दमात, इंदूरवाल्यांना यादी कधी मिळेल, तेही विचारलं. त्यांचाही इलाज नव्हता. फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

"रडू नको, टाके आहेत," आई म्हणाल्या. त्या शेजारी खुर्चीवर शेंगा सोलत होत्या. मग विचारलं, "त्या यादीत करायचं काय असतं?"

"एकेक नाव वाचायचं आणि त्याच्यापुढे ते कशाचं आहे ते लिहायचं."

"मग मी वाचते. लिहीनही मीच. तू नुसतं सांग."

"आई, ते धड इंग्रजीसुद्धा नाही. नुसती अक्षरं आहेत."

"मी आयुष्यभर नुसते आकडे ऐकले आणि सांगितले. अक्षरांचं काय घेऊन बसलीस?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून कागदांचा गठ्ठा आला. आईंनी दुपारची झाकपाक केली, चष्मा लावला, खाटेजवळ चटई टाकून बसल्या आणि कामाला सुरुवात झाली. पहिल्याच नावाला कूलरच्या आवाजात मला काही ऐकू येईना. 'बी' म्हणाल्या की 'डी', ते कळेना. तेव्हा त्यांनी त्यांची एक्सचेंजची पद्धत काढली. अक्षरागणिक एक गाव.

"सी कलकत्ता," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "एस सुरत. टी तंजावर. एन नागपूर. एम मद्रास. काय आहे हे?"

"गिऱ्हाइकाचं नाव."

आई थांबल्या. "कलकत्त्यापासून मद्रासपर्यंत फिरवून आणलंस, आणि सांगायचं होतं गिऱ्हाइकाचं नाव?"

ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. हसताना डोकं हलू द्यायचं नव्हतं, म्हणून पोटातच हसले.

मला वाटलं होतं त्या अक्षरं वाचतील, मी अर्थ सांगेन, त्या लिहितील, आणि भराभर पुढे जाऊ. तसं झालं नाही. आईंना अर्थ कळल्याशिवाय पुढे जायचंच नसे. मी म्हटलं, "आई, तुम्हाला टेलिफोनच्या आकड्यांचा अर्थ कुठे कळायचा?" त्यावर म्हणाल्या, "आकडा आकडाच असतो, त्याला कुणी काही विचारत नाही. हे नाव आहे म्हणतेस, तर ते कशाचं, ते कळायला नको?" मग मला प्रत्येक फील्ड समजावून सांगावं लागे. बॅच म्हणजे काय. परत आलेला माल वेगळा का ठेवायचा. दुकानदाराची उधारीची मर्यादा म्हणजे काय. मी इतकी वर्षं ते काम करत होते, पण असं एकेक करून कुणाला सांगितलं नव्हतं. सांगता सांगता माझ्या लक्षात येई की काही फील्ड्स कशाची आहेत हे मलाच नीट ठाऊक नाही. फक्त ती कुठे वापरली जातात, ते ठाऊक आहे.

एक नाव आलं, "बी बॉम्बे, एच हैदराबाद, ए आग्रा, डी देहली, ए आग्रा." मग स्वतःशीच जुळवून म्हणाल्या, "भादा? बाधा?"

"भाडा. ट्रकचं भाडं."

"मग भाडं म्हण. पण ह्या माणसाने बरं ठेवलंय नाव. वाचलं तर वाचता तरी येतंय."

सगळंच त्यांचं बरोबर असायचं असं नाही. औषधांच्या बाजारात 'स्कीम' म्हणजे ठरावीक मालावर फुकट मिळणारा जास्तीचा माल. दहा डब्यांवर एक डबा फुकट, तसं. आईंचं म्हणणं, स्कीम म्हणजे सरकारची योजना, नाव बदला. मी म्हटलं, सगळ्या बाजारात तोच शब्द चालतो, तो बदलला तर काउंटरवर बसणाऱ्याला कळायचं नाही. "राहू दे मग. पण मला पटलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढे कित्येक दिवस ते नाव आलं की मुद्दाम 'फुकटची स्कीम' असंच वाचत. कधी दुपारी वाचता वाचता आवाज मंद होत जाई आणि मद्रासवर येऊन थांबे. मग मी हाक न मारता तशीच पडून राहायची. त्यांच्या श्वासावरून कळायचं की डोळा लागला आहे.

साठ्याचं टेबल, म्हणजे साठ्याच्या सगळ्या रकान्यांचा तक्ता, संपलं, गिऱ्हाइकांचं संपलं, मग मागवलेल्या मालाचं आलं. मध्ये बरेच दिवस गेले होते. आईंनी वाचलं, "ई इंदूर." इंदूर 'आय'ने सुरू होतं हे त्यांना पूर्ण माहीत होतं, पण इंदूरवाल्यांचं काम म्हणून त्यांनी 'ई'ला इंदूर लावलं होतं. "एक्स एक्सप्रेस. पी पूना. डी देहली. टी तंजावर."

"माल येण्याची तारीख," मी सांगितलं. "ऑर्डर दिल्यावर कंपनी सांगते ना, अमुक दिवशी पोचेल, ती."

त्यांच्या पेनाचा आवाज आला नाही.

"हे नाव आधी येऊन गेलंय," त्या म्हणाल्या. "साठ्याच्या कागदांत. तेव्हा तू एक्स्पायरी म्हणाली होतीस. औषध बाद होण्याची तारीख."

"तेव्हा ते एक्स्पायरीच होतं. इथे एक्स्पेक्टेड. दोन्ही शब्द तसेच सुरू होतात ना, म्हणून."

"म्हणजे औषध येण्याची तारीख आणि औषध बाद होण्याची तारीख, दोन्हीला तुम्ही एकच नाव ठेवलंत?"

साठ्याचं फील्ड माझ्या आधीच्या माणसाने ठेवलेलं, ऑर्डरचं कुणी, ते आठवत नव्हतं. आमच्याकडे त्याने काही बिघडत नसे, कारण दोन्ही टेबलं वेगळी होती आणि त्यांची गाठ कधी पडत नव्हती. पण इंदूरच्या सिस्टीममध्ये मागवलेला माल आणि आलेला माल एकाच टेबलात राहत असे. आणि तिथे फील्ड्स नावावरून जुळवत होते.

"आई, इंदूरला फोन लावा."

त्यांनी नंबर फिरवला आणि स्वतः चटईवर आडव्या होऊन रिसीव्हर खालून माझ्या कानाशी धरला. मी प्रमुखांना विचारलं, आमचं हे फील्ड तुम्ही कुठे जोडलं आहे. ते म्हणाले, एक्स्पायरी डेटला, और कहाँ. मी सांगितलं की ऑर्डरच्या टेबलात ती एक्स्पायरी नाही, माल येण्याची तारीख आहे.

"मॅडम, एक मिनिट," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "आमच्या ट्रायलमध्ये तुमच्या गोदामात खूप माल एक्स्पायर्ड दिसतोय. आम्हाला वाटलं, ग्वाल्हेरवाले बाद झालेला माल सांभाळून बसलेत. वरपर्यंत ती बात पोचली आहे. तुमच्या गोदाम इन्चार्जना लेखी जाब विचारलाय."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आजारी माणसाला कशाला सांगायचं, असं म्हणून ऑफिसने लपवलं असावं. गोदाम सांभाळणारे आमचे इन्चार्ज अत्यंत काटेकोर. एक खोका उलटा ठेवला तर चिडणारे. त्यांनी सगळं गोदाम दोनदा तपासलं होतं आणि तो बाद झालेला माल त्यांना कुठेच सापडत नव्हता. सापडणार कुठून? तो माल आलेलाच नव्हता.

"तो आलेला माल नाही, सर," मी म्हटलं. "ती ऑर्डर आहे. येण्याची तारीख उलटून गेली, म्हणून तुमचा प्रोग्राम माल बाद झाला म्हणतोय."

"समझ गया," ते म्हणाले. "मी आत्ताच कळवतो. तुम्हाला हे सापडलं कसं? तुम्हाला तर वाचायचं नाही ना?"

"माझ्या सासूबाई वाचून दाखवतात."

मग ते म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार सांगा."

आई आडव्या पडल्या पडल्याच म्हणाल्या, "ऐकलं मी."

दोन दिवसांनी इन्चार्जांचा फोन आला. जाब मागे घेतला होता. ते मुळातच कमी बोलणारे, फोनवर तर आणखीच. "भाभीजी, अम्माजी को प्रणाम कहिएगा," एवढंच बोलले. त्यांच्या आवाजातला सुटकेचा श्वास मला पालथ्या अवस्थेतही स्पष्ट ऐकू आला.

त्यानंतर इंदूरहून आमच्या कामाची रीत बदलली. प्रमुखांनी नावावरून जुळवणं थांबवलं. नव्या सिस्टीममध्ये दहा अक्षरांचं बंधन नव्हतं, तेव्हा दोन्हीकडच्या फील्ड्सना नवी, पूर्ण नावं द्यायची असं ठरलं आणि ते काम त्यांनी मलाच दिलं. आता मी नाव सांगायची आणि आई मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी त्याच ते पुन्हा मोठ्याने वाचत आणि हे कशाचं असेल ते सांगत. सांगता आलं तर नाव ठेवायचं, नाही तर बदलायचं. जिथे नुसतं 'हो' किंवा 'नाही' भरतात अशा फील्ड्सना आम्ही पूर्वी 'फ्लॅग' म्हणायचो. आईंनी विचारलं, "झेंडा कशाला?" त्यावर विचार करता करता मला सुचलं की अशा फील्डला प्रश्नासारखं नाव द्यावं: माल परत आला का, दुकान बंद आहे का. मग वाचणाऱ्याला उत्तर कशाचं आहे ते आपोआप कळतं. पुढे इंदूरच्या टीमने हा नियम सगळीकडे लावला. त्यांच्याकडचीही नावं पाकिटातून आमच्याकडे येऊ लागली. ती आमच्यापेक्षा बरी नव्हती, हे ऐकून आईंना विशेष समाधान वाटलं.

तोवर डोळ्यातला बुडबुडा लहान होत चालला होता. तो विरताना नजरेसमोर पाण्याची पातळी दिसते, आडवी, हलणारी. रोज ती थोडी सरकायची आणि तिच्या कडेने जग दिसायला लागायचं. पहिल्यांदा जे मला नीट दिसलं, ते आईंच्या हाताचं बोट होतं, फटीतून दिसणाऱ्या चटईवरच्या कागदावर एका अक्षराखाली टेकवलेलं. मी काही बोलले नाही. त्यांना वाचू दिलं. अजून वाचायची परवानगी नव्हतीच, आणि मला त्यांचं वाचणं थांबायला नको होतं.

डॉक्टरांनी डोकं वर करायची परवानगी दिली तेव्हा उन्हाळा संपत आला होता. मी चष्म्याच्या नव्या नंबरासकट ऑफिसला गेले. पाटणकर बाजारातली ती जागा पुढे सोडावी लागली. काही जण इंदूरला गेले, काहींनी दुसरीकडे नोकऱ्या धरल्या, गोदाम आणि त्याचे इन्चार्ज राहिले. मलाही ठेवलं, दोन्ही सिस्टीम ओळखणारी म्हणून. इंदूरच्या प्रमुखांचं ग्वाल्हेरला येणं झालं तेव्हा ते मुद्दाम थाटीपुरला आमच्याकडे आले. आईंच्या पाया पडले, पोहे खाल्ले आणि म्हणाले, "मावशी, आमच्याकडे आणखी खूप नावं आहेत वाचायला."

"आता हिला दिसतंय," आई म्हणाल्या. "मला माझी दुपारची झोप आहे."

मी खरंच आभार मानायचा प्रयत्न केला. एक दिवस साडी आणली, माहेश्वरी, त्यांना आवडतो तसा मोरपिशी रंग. त्यांनी घडी उलटी करून काठ पाहिला, ठीक आहे म्हणाल्या आणि विचारलं, "कशाबद्दल?" मी म्हटलं, "त्या उन्हाळ्याबद्दल." त्या म्हणाल्या, "मी काय केलं, वाचलं." आणि साडी कपाटात ठेवायला उठल्या. मी तिथेच उभी राहिले. मला पुष्कळ काही सांगायचं होतं. नोकरी राहिली, गोदामवाल्यांचं नाव स्वच्छ राहिलं, आणि त्या पालथ्या दिवसांत मी एकटी पडले नाही, हे सगळं. ते मी सांगू शकले नाही. आज इथे सांगते आहे.

आईंनी मात्र त्या कामातून आपल्यापुरतं एक काम उचललं. घरातल्या प्रत्येक औषधाच्या पट्टीवरची तारीख त्या चष्मा लावून तपासू लागल्या. मग शेजारणींच्या. क्वार्टरमधल्या बायका दुपारी गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन यायच्या आणि आई त्यांना ठसक्यात सांगायच्या, हे ई-एक्स-पी असं तीन अक्षरी लिहिलंय ते एक्स्पायरी, येण्याची तारीख समजू नका. कुणाला ते दुसरं कसं समजेल, हे त्या बायकांना कधीच कळलं नाही, पण त्या मान डोलवायच्या आणि बाद झालेली पट्टी आईंच्या समोरच कचऱ्यात टाकून जायच्या.